जपानच्या भूकंपाने अमेरिकेतल्या काळ्या गाड्या का अडल्या?

मार्च २०११ च्या शेवटी अमेरिकेत फोर्ड कंपनीने आपल्या डीलर लोकांना कळवलं की टक्सेडो ब्लॅक नावाच्या रंगात नवीन गाड्यांची ऑर्डर सध्या घेऊ नका, लाल रंगाच्या काही शेडसुद्धा मर्यादितच मिळतील. क्रायस्लरने तर दहा रंगांवर बंधन घातलं. डीलरला वाटलं असेल की पेंटशॉपमध्ये काही गडबड झाली. पण गडबड अमेरिकेत नव्हतीच, ती होती जपानमधल्या इवाकी शहराच्या ओनाहामा भागात, फुकुशिमा अणुवीज केंद्राच्या दक्षिणेला. तिथे मर्क या जर्मन कंपनीचा एक कारखाना आहे, त्यात झिरॅलिक नावाची एक पावडर बनते, रंगात टाकली की उन्हात गाडी चमचमते ती ह्या पावडरमुळे. आणि ती पावडर तेव्हा अख्ख्या जगात फक्त त्या एका कारखान्यात बनत होती. गाडीच्या किमतीत ह्या पावडरीचा वाटा किती, तर नगण्य. पण ती नाही म्हणून त्या रंगाची गाडी नाही.

मोठ्या नैसर्गिक आपत्तीचा जगाच्या अर्थव्यवस्थेवर काय परिणाम होतो असा प्रश्न आला की आपण लगेच आकडे शोधायला लागतो, किती अब्जांचं नुकसान, शेअर बाजार किती पडला वगैरे. आकडे लागतातच, पण माझ्या मते आकड्यांवरून काही समजत नाही. समजून घ्यायचं असेल तर हे विचारावं लागतं की जिथे आपत्ती आली तिथे असं काय होतं जे दुसरीकडे कुठे मिळत नाही. हे एवढं धरून चाललं की बाकीचं बरंच आपोआप उलगडतं. २०११ चं जपान हे त्याचं सगळ्यात चांगलं, म्हणजे वाईटच खरं तर, उदाहरण.

आधी पटकन काय झालं ते. ११ मार्च २०११, शुक्रवार, जपानमध्ये दुपारचे २ वाजून ४६ मिनिटं, आपल्याकडे सव्वाअकरा. ईशान्य जपानच्या किनाऱ्याजवळ समुद्राखाली ९.० तीव्रतेचा भूकंप, मग त्सुनामी, काही ठिकाणी पाणी जवळपास ४० मीटर उंचीपर्यंत चढलं. १५ हजार ९०० च्या आसपास माणसं गेली, अडीच हजारांचा आजही पत्ता नाही. मग फुकुशिमाचं अणुसंकट. जपान सरकारने इमारती, रस्ते, बंदरं, कारखाने असं थेट नुकसान १६.९ लाख कोटी येन धरलं, जागतिक बँकेने वरची मर्यादा २३५ अब्ज डॉलर सांगितली. तोपर्यंतच्या इतिहासातली ही सगळ्यात महागडी नैसर्गिक आपत्ती.

आता त्याच्या चौदा महिने आधीचं हैती बघा. जानेवारी २०१०, तीव्रता ७.०, सरकारी आकड्यांप्रमाणे दोन लाखांहून जास्त मृत्यू, नुकसान साधारण ७.८ अब्ज डॉलर म्हणजे त्या देशाच्या वर्षभराच्या जीडीपीच्याही वर, १२० टक्के. देश अक्षरशः मोडला. आणि जगाचे बाजार? ढिम्म. कुठल्या देशातला कारखाना थांबला नाही, कुठलं चलन हललं नाही. ऐकायला निर्दयी वाटतं आणि आहेच ते, पण बाजाराला माणसं मोजता येत नाहीत, त्याला फक्त अडलेला माल दिसतो. त्यामुळे ‘जागतिक आर्थिक परिणाम मोठा’ याचा अर्थ ‘दुःख मोठं’ असा कधीच घ्यायचा नाही, दोन्हीचा काही संबंध नाही.

तर जपानमध्ये अडलं काय. ज्या भागाला फटका बसला तो काही जपानचा औद्योगिक कणा वगैरे नव्हता. आओमोरी, इवाते, मियागी, फुकुशिमा ह्या चार प्रांतांचा जपानच्या एकूण उत्पादनात वाटा होता ४.६ टक्के. टोकियो नाही, ओसाका नाही, टोयोटाचं नागोया पण नाही. शेती, मासेमारी आणि मधेमधे बऱ्यापैकी कारखाने असा भाग. साधा हिशोब केला तर एवढ्याशा भागाचं काम काही महिने अर्धवट थांबलं तर देशाला किरकोळ ओरखडा यायला हवा. पण नंतर अर्थशास्त्रज्ञांनी जपानमधल्या कंपन्यांच्या कोण कुणाकडून माल घेतो ह्या डेटावरून अभ्यास केला तेव्हा दिसलं की त्या भागाशी थेट किंवा आडून जोडलेल्या कंपन्यांमधून धक्का पसरत गेला आणि पुढच्या वर्षी जपानच्या जीडीपी वाढीचा दर ०.४७ टक्के बिंदूंनी खाली आला. आणि धक्का एकाच दिशेने जात नाही हं. ज्यांना तिथून पार्ट यायचे ते थांबले, आणि जे तिथल्या कारखान्यांना माल विकायचे त्यांचं गिऱ्हाईकच गेलं म्हणून तेही थांबले.

ह्यातलं सगळ्यात मोठं नाव रेनेसास. इबाराकी प्रांतात हिताचिनाका इथे ह्यांचा नाका नावाचा चिप कारखाना. ह्यात बनतात मायक्रोकंट्रोलर, म्हणजे गाडीतल्या इंजिनापासून एअरबॅगपर्यंत प्रत्येक गोष्टीला हुकूम सोडणारी छोटी चिप. गाड्यांसाठीच्या ह्या चिप्सच्या जागतिक बाजारात तेव्हा रेनेसासचा हिस्सा ४० टक्क्यांच्या घरात होता आणि नाका हा त्यांचा मुख्य कारखाना. तिथे त्सुनामी आली नाही, पण भूकंपाने आतली मशिनं आणि क्लीनरूम पार हलून गेल्या. चिपचा कारखाना म्हणजे स्विच दाबला की सुरू असलं प्रकरण नाही. हवा स्वच्छ हवी, यंत्रं केसाच्याही कितीतरी बारीक मापात जुळलेली हवीत, आणि सगळं जुळल्यावरही एक वेफर, म्हणजे ज्यावर चिप घडवतात ती सिलिकॉनची चकती, आत गेल्यापासून चिप बाहेर यायला दोन-तीन महिने जातात. मग झालं असं की गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांनी स्वतःचीच माणसं तिथे पाठवली, एरवी एकमेकांचे स्पर्धक असलेले लोक एका छताखाली दुसऱ्याच कंपनीची मशिनं दुरुस्त करत होते, काही दिवशी अडीच हजार माणसं. १ जूनला उत्पादन सुरू झालं, आधीच्या अंदाजापेक्षा लवकर. पण मधले महिने गेलेच.

एप्रिल २०११ मध्ये टोयोटाचं जपानमधलं उत्पादन आदल्या वर्षीच्या एप्रिलपेक्षा ७८ टक्क्यांनी कमी, होंडाचं ८१ टक्क्यांनी. हे कारखाने पडले नव्हते बरं का, बहुतेक धडधाकट उभे होते, माणसं होती, पार्ट नव्हते.

इथे जस्ट-इन-टाइम हे प्रकरण समजून घ्यायला पाहिजे, चाकण, भोसरी, वाळूजला काम केलेल्यांना हे शिकवायची गरज नाही पण बाकीच्यांसाठी. आपल्याकडे पूर्वी घरात वर्षाचं धान्य एकदम भरून ठेवायचे, त्यात पैसे अडकतात, जागा अडते, कीड लागते, पण पावसाने रस्ता बंद झाला तरी चूल पेटते. टोयोटाने कारखान्यात ह्याच्या बरोबर उलट केलं, लागेल तेवढाच पार्ट, लागेल त्याच वेळी, व्हेंडरकडून थेट लाइनवर. गोडाऊन नाही, अडकलेला पैसा नाही. सगळ्या जगाने ह्याची नक्कल केली कारण ते खरंच स्वस्त पडतं. फक्त ह्या पद्धतीत एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की पार्ट रोज येईल.

पण नुसत्या जस्ट-इन-टाइमवर खापर फोडणं मला तरी अर्धवट वाटतं. खरी मेख होती ती वेगळीच. टोयोटाला आपले थेट सप्लायर माहीत होते, टियर-वन, आणि एका पार्टसाठी दोन-तीन सप्लायर ठेवायचे हे सगळेच करतात म्हणून त्यांना वाटत होतं की आपण सेफ आहोत. त्या सप्लायरचे सप्लायर कोण, त्यांचे कोण, हे कागदावर नव्हतं. समजूत अशी की खाली जाल तसे सप्लायर वाढत जातात, त्यामुळे धोका विभागला जातो. भूकंपानंतर लोक खाली उतरून बघायला लागले तर दिसलं की तिसऱ्या-चौथ्या पायरीवर पुन्हा सगळे एकाच दारात उभे आहेत! तुमचे तीन वेगवेगळे व्हेंडर, तिघांची चिप एकाच कारखान्याची, किंवा चिप वेगळी पण त्यातलं रसायन एकाचंच. टोयोटाचे सुरुवातीला ५०० च्या आसपास प्रकारचे पार्ट आणि कच्चा माल अडला होता, एप्रिलपर्यंत तो आकडा दीडशेवर आला, आणि ही यादी करण्यातच किती वेळ गेला असेल याचा विचार करा.

चिपमध्ये लागणारं बीटी रेझिन नावाचं द्रव्य जगातलं निम्मं मित्सुबिशी गॅस केमिकलकडून यायचं, त्यांचा कारखाना फुकुशिमा प्रांतात. सिलिकॉन वेफर बनवणाऱ्या शिन-एत्सूचा शिराकावाचा मोठा कारखाना, तोही फुकुशिमात. लिथियम आयन बॅटरीत लागणाऱ्या एका पॉलिमरचा जगातला बहुतांश पुरवठा कुरेहा नावाच्या कंपनीच्या हातात, आणि कारखाना परत इवाकीतच. ह्या कंपन्यांची नावं आपण कधी ऐकलेली नसतात कारण ह्यांची वस्तू दुकानात मिळत नाही, ती दुसऱ्याच्या वस्तूच्या आत असते. आणि असे एकटेच का उरतात? तर वर्षानुवर्ष एकच बारीक गोष्ट करत राहून ते इतके पुढे गेलेले असतात की बाकीच्यांना त्यात पडणं परवडत नाही. म्हणजे गुणवत्ता हेच कारण, कुणाचा कट वगैरे नाही.

मग हे बाहेर पसरलं. अमेरिकेत जनरल मोटर्सने लुइझियानामधल्या श्रीव्हपोर्टचा पिकअप ट्रकचा कारखाना आठवडाभर बंद ठेवला. युरोपात प्युजो-सिट्रोएनला हिताचीचा एअरफ्लो सेन्सर मिळेना म्हणून डिझेल गाड्यांचं उत्पादन कमी करावं लागलं. आपल्याकडे बंगळुरूजवळ बिडदीला टोयोटा किर्लोस्करने एप्रिलच्या शेवटापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत उत्पादन खूप कमी केलं. अमेरिकेतल्या जपानी कंपन्यांच्या शाखांवर नंतर एक अभ्यास झाला त्यात दिसलं की जपानहून येणारा माल जेवढ्या प्रमाणात घटला जवळपास तेवढ्याच प्रमाणात त्यांचं अमेरिकेतलं उत्पादन घटलं. म्हणजे निदान त्या काही महिन्यांत तरी ‘इथून नाही तर तिथून घेऊ’ हे चाललं नाही, पुस्तकात चालतं ते. अमेरिकेत जुन्या गाड्यांचे भाव चढले. २०१० ला जगात पहिली असलेली टोयोटा २०११ ला जीएम आणि फोक्सवॅगनच्या मागे गेली, २०१२ ला परत पहिली. कोरियाच्या ह्युंदाई-कियाचं त्या वर्षी चांगलं चाललं, एकाचा माल अडला की दुसऱ्याचा विकला जातो, त्यामुळे जगाची बेरीज केली तर खड्डा दिसतो त्यापेक्षा लहान असतो. पण ज्याची नोकरी गेली त्याला जगाची बेरीज घेऊन काय करायचंय.

आता पैशाकडे येऊ, कारण इथे सगळ्यांची डोकी चक्रावली होती. देशावर एवढं संकट आलं तर त्याचं चलन घसरायला हवं ना? येन उलटा चढला. भूकंपाआधी एका डॉलरला ८२-८३ येन होते, १७ मार्चला भाव ७६.२५ येनपर्यंत आला, म्हणजे येन तोपर्यंतच्या सगळ्यात महाग पातळीला. कारण असं की जपानी विमा कंपन्यांनी, बँकांनी आणि घराघरातल्या बचतीने बाहेरच्या देशांत प्रचंड गुंतवणूक केलेली होती. बाजाराने अंदाज बांधला की आता विम्याचे पैसे द्यायला आणि बांधकामाला हे लोक बाहेरचे डॉलर विकून येन घरी आणणार. आणणार म्हणजे येन महागणार. महागणार तर आपण आधीच घेऊन ठेवू, असं म्हणत सगळे ट्रेडर घुसले, खरा पैसा परत यायच्या आधीच नुसत्या अंदाजाने भाव गेला वर. १९९५ च्या कोबे भूकंपानंतरही येन असाच चढला होता, तो धडा सगळ्यांना पाठ होता.

महाग येन म्हणजे निर्यातदारांना आणखी एक फटका, आधीच पार्ट नाहीत आणि जे काही बनतंय ते बाहेर महाग. मग १८ मार्चला जी-७ देशांनी मिळून येन विकले, सन २००० नंतर पहिल्यांदाच असं एकत्र पाऊल उचललं गेलं, आणि भाव त्याच दिवशी ८१ च्या आसपास परत आला. इकडे बँक ऑफ जपानने सोमवारी १४ तारखेला बाजार उघडताच १५ लाख कोटी येन बँकांच्या व्यवस्थेत ओतले, म्हणजे घाबरून कुणी पैसे काढायला आलं तर कमी पडू नयेत. तरी टोकियोच्या शेअर बाजाराचा निर्देशांक निक्केई त्या दिवशी ६ टक्के आणि दुसऱ्या दिवशी अणुभट्टीच्या बातम्यांनी साडेदहा टक्के पडलाच.

कोबेचा विषय निघालाच आहे तर हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. १७ जानेवारी १९९५ च्या त्या भूकंपाने लंडनमधली एक बँक बुडाली, बेरिंग्स, १७६२ सालची. तिचा सिंगापूरमधला ट्रेडर निक लीसन, त्याने आधीचे तोटे लपवून ठेवले होते आणि निक्केई फारसा हलणार नाही यावर मोठा डाव लावला होता. भूकंप झाला, निक्केई पडला, मग त्याने आता परत वर येईलच म्हणून आणखी पैसे लावले, तो आला नाही, ८२ कोटी ७० लाख पौंडांचा खड्डा आणि शेवटी डच कंपनी आयएनजीने ती बँक एका पौंडाला घेतली. भूकंपाने काही बँक पाडली नाही अर्थात. आधीच पोकळ होती, धक्क्याने ते दिसलं.

परत २०११. गाड्या वर्षभरात सावरल्या, पण वीज आणि गॅस ह्यांचा परिणाम मात्र अनेक वर्षं चालला आणि तो आपल्या दारापर्यंत आला, म्हणून ह्यावर जरा जास्त बोलतो.

भूकंपानंतर टोकियो भागात ठरवून भारनियमन सुरू झालं. आपल्याला त्याचं काही नाही पण टोकियोला ते नवीन होतं. लोक विचारत होते की पश्चिम जपानमध्ये वीज आहे ना, तिकडून आणा. आणता येत नव्हती! कारण पूर्व जपानची वीज ५० हर्ट्झ आणि पश्चिमेची ६० हर्ट्झ. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी टोकियोने जर्मन जनरेटर घेतले, ओसाकाने अमेरिकन, आणि ती भानगड शंभर वर्षांत कुणी मिटवली नाही. मधे रूपांतर करणारी केंद्रं होती ती साधारण हजार-बाराशे मेगावॅटची, गरज त्याच्या कितीतरी पट. त्या उन्हाळ्यात मोठ्या ग्राहकांना १५ टक्के वीज कमी वापरायची सक्ती होती, कारखाने शनिवार-रविवारी चालवून गुरुवार-शुक्रवारी सुट्टी देत होते.

मग हळूहळू देशातल्या बाकीच्या अणुभट्ट्याही तपासणीसाठी बंद होत गेल्या आणि लोकांच्या विरोधामुळे परत सुरू होईनात. भूकंपाआधी जपानमध्ये ५४ अणुभट्ट्या होत्या आणि जवळपास तीस टक्के वीज त्यातून यायची. मे २०१२ मध्ये एकही चालू नव्हती. ही वीज भरून काढायची कशाने? जहाजाने आणलेल्या द्रवरूप गॅसने, म्हणजे एलएनजीने, आणि थोडं तेल, कोळसा. जपान आधीच जगातला सगळ्यात मोठा एलएनजी खरेदीदार होता, त्याची आयात २०१० मध्ये ७ कोटी टन होती ती २०१२ मध्ये पावणेनऊ कोटी टनांच्या आसपास गेली. एवढं मोठं गिऱ्हाईक अचानक, कुठल्याही भावाला घेतो म्हणत बाजारात उतरलं. आशियातला स्पॉट भाव, म्हणजे लांबचा करार न करता तिथल्या तिथे घेतलेल्या मालाचा, भूकंपाआधी एमएमबीटीयू ह्या गॅसच्या मापाला ९-१० डॉलर होता तो पुढच्या वर्षी १६-१७ डॉलरच्या वर. त्याच वेळी अमेरिकेत खडकांतून काढलेला शेल गॅस इतका झाला होता की तिथला भाव ४ डॉलरच्याही खाली, पण तो इकडे आणायला तेव्हा टर्मिनलच नव्हती. एलएनजी विकणाऱ्या कतारची चांदी झाली. आणि जपान, जो देश दशकानुदशकं जगाला विकण्यावर श्रीमंत झाला, त्याची २०११ मध्ये एकतीस वर्षांत पहिल्यांदा व्यापारात तूट आली, अडीच लाख कोटी येनच्या जवळ, आणि पुढची काही वर्षं येतच राहिली.

ह्यात आपण कुठे? भारतही त्याच बाजारात गॅस घेत होता. रत्नागिरी जिल्ह्यातला दाभोळचा वीज प्रकल्प २०१३ मध्ये बंद पडला त्याचं मुख्य कारण कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला देशी गॅस आटला हे होतं, त्याचा जपानशी काही संबंध नाही. पण मग आयात गॅसवर चालवा ना, असं कुणी म्हटलं तर तो भावच असा होता की त्यातून होणारी वीज घ्यायला कुणी तयार नव्हतं. आणि तो भाव तिथे नेऊन ठेवण्यात जपानच्या मागणीचा मोठा हात होता.

त्याच जिल्ह्यात जैतापूरचा अणुवीज प्रकल्प. फ्रान्सच्या अरेव्हा कंपनीशी करार डिसेंबर २०१० मध्ये झालेला, १६५० मेगावॅटच्या सहा भट्ट्या, एकूण ९९०० मेगावॅट. तीन महिन्यांत फुकुशिमा. माडबन, साखरी-नाटे भागातला विरोध आधीपासूनचा होता, जमिनीचा आणि मासेमारीचा, पण टीव्हीवर स्फोट होणारी अणुभट्टी बघितल्यावर त्याला वेगळीच धार आली, एप्रिलमध्ये गोळीबार झाला, एकाचा जीव गेला. प्रकल्प आजही उभा नाही. नुसत्या फुकुशिमामुळे नाही, वीजदर आणि अपघात झाला तर भरपाई कुणी द्यायची ही भांडणं मोठी होती, पण ती भांडणंही फुकुशिमानंतर जास्त गंभीरपणे व्हायला लागली. जर्मनीने तर आठ भट्ट्या जवळपास लगेच बंद केल्या, बाकीच्या टप्प्याटप्प्याने, शेवटच्या एप्रिल २०२३ मध्ये, आणि वीज कंपन्यांना २.४ अब्ज युरो भरपाई दिली. ज्या देशात असे मोठे भूकंप नाहीत, त्सुनामी नाही, तिथे ही किंमत!

विम्याचं थोडक्यात. आपल्या विमा कंपनीचाही विमा असतो, त्याला रीइन्शुरन्स म्हणतात, त्यात म्युनिक रे, स्विस रे असे मोठे लोक. कल्पना अशी की जपानच्या भूकंपाचे पैसे एकट्या जपानने न भरता जगभर थोडे थोडे वाटले जावेत. पण जपानमध्ये नुकसान दोनशे अब्ज डॉलरच्या वर आणि विम्यातून भरलं गेलं साधारण ३५ अब्ज. बाकी सरकार, कंपन्या आणि लोकांच्या खिशातून. त्यातला घरांच्या भूकंप विम्याचा बराचसा बोजा सरकारने हमी दिलेल्या व्यवस्थेवर होता, त्यामुळे बाहेरच्या कंपन्या तशा निभावल्या.

त्यांना खरा झटका दिला तो त्याच वर्षी थायलंडच्या पुराने. अयुथ्थयाच्या आजूबाजूला पाण्याच्या वाटेवर औद्योगिक वसाहती, त्यात होंडाचा गाड्यांचा कारखाना आणि वेस्टर्न डिजिटलचा हार्डडिस्कचा. ऑक्टोबरमध्ये सगळं पाण्याखाली गेलं, जगात हार्डडिस्कचा तुटवडा झाला आणि भाव साधारण दुप्पट. तेव्हा ज्यांनी कॉम्प्युटर असेंबल करून घेतला असेल त्यांना आठवत असेल. विमावाल्यांनी जपानच्या भूकंपाचं मॉडेल करून ठेवलं होतं, थायलंडच्या पुराचं कुणी फारसं केलंच नव्हतं, कारण तिथे एवढा महागडा माल एका सखल पट्ट्यात गोळा झालाय हे लक्षातच आलं नव्हतं.

एक गोष्ट लोक हमखास म्हणतात, की आपत्तीनंतर बांधकाम होतं, रोजगार मिळतो, जीडीपी वाढतो, म्हणजे एका अर्थी बरंच की. मला हे ऐकलं की चिडचिड होते. जीडीपी म्हणजे वर्षभरात नवीन काय बनलं त्याची मोजणी. आधीपासून उभं असलेलं घर वाहून गेलं तर ते त्यात वजा होत नाही, आणि तेच घर परत बांधलं की ते मात्र मिळवलं जातं. म्हणजे पाटी कोरी झाल्याचं कुठे लिहिलेलं नाही, नवीन लिहिलेलं सगळं जमा! हा मोजमापाचा खेळ आहे, श्रीमंती नाही. आणि तो पैसा येतो कुठून? जपानने त्यासाठी रोखे काढले आणि २०१३ पासून आयकरावर २.१ टक्के जादा कर लावला, पंचवीस वर्षांसाठी, २०३७ पर्यंत. भूकंपाच्या वर्षी जन्मलेलं पोर नोकरीला लागून तो कर भरत असेल.

आणि जे गेलं ते सगळंच परत येत नाही. इशिनोमाकीसारख्या बंदरांमधले मासे प्रक्रिया करणारे छोटे कारखाने, ते वर्षा-दोन वर्षांत परत बांधले गेले, सरकारने मदत पण दिली, पण तेवढ्या वेळात सुपरमार्केटच्या फळीवर दुसऱ्याचा माल बसला होता. गिऱ्हाईक थांबत नसतं. कोबे बंदराचं तेच झालं, १९९५ आधी कंटेनरच्या बाबतीत जगात सहावं होतं, दोन वर्षांत दुरुस्त करून दाखवलं, पण जहाजं तोपर्यंत कोरियाच्या बुसानला जायला लागली होती ती तिकडेच राहिली, कोबे त्या क्रमांकाच्या जवळपासही परत गेलं नाही. फुकुशिमाच्या माशांचं तर विचारूच नका, साठवलेलं प्रक्रिया केलेलं पाणी समुद्रात सोडायला २०२३ मध्ये सुरुवात केली तर चीनने जपानची सगळी सीफूड आयात बंद केली, आणि त्यात सगळ्यात जास्त मार खाल्ला तो शेकडो किलोमीटर दूर उत्तरेला होक्काइदोमध्ये स्कॅलप म्हणजे शिंपल्यातला जीव विकणाऱ्यांनी.

मग कंपन्या काही शिकल्या का? मर्कने झिरॅलिकसाठी दुसरी सोय उभी करायचं ठरवलं. टोयोटाने सप्लायरच्या सप्लायरपर्यंतची माहिती गोळा करून डेटाबेस बनवला आणि चिपसारख्या ज्या गोष्टी पटकन बनत नाहीत त्यांचा दोन ते सहा महिन्यांचा साठा ठेवायला व्हेंडरना सांगितलं. जस्ट-इन-टाइमचं माहेरघर आणि साठा! म्हणून २०२१ च्या सुरुवातीला जगभर चिपचा तुटवडा झाला, बाकीच्यांच्या लाइन धडाधड थांबल्या तेव्हा टोयोटा बरेच महिने चालू राहिली, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तिलाही उत्पादन कापावं लागलं ते वेगळं. आणि त्याच मार्चमध्ये, भूकंपाला दहा वर्षं होऊन आठवडा झाला होता, तर आग लागली ती रेनेसासच्या हिताचिनाकाच्या त्याच नाका कारखान्यात, आणि गाडीवाल्यांची परत तीच धावाधाव.

बाकी ठिकाणी मात्र साठ्याचा खर्च कोण करणार ह्यावर गाडी अडते, कारण आपत्ती न आलेल्या प्रत्येक वर्षी तो पैसा वाया गेल्यासारखा दिसतो आणि हिशोब दर तीन महिन्यांनी शेअरहोल्डरला द्यायचा असतो. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन वादळाने अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनामधलं स्प्रूस पाइन नावाचं दोनेक हजार वस्तीचं डोंगरातलं गाव बुडवलं तेव्हा चिप उद्योगातले लोक नकाशे काढून बसले, कारण सिलिकॉन वितळवण्याच्या भांड्यांसाठी लागणारी अतिशुद्ध गारगोटी बहुतांश तिथल्याच दोन कंपन्यांच्या खाणींमधून येते. ह्या वेळी खाणी काही आठवड्यांत सुरू झाल्या आणि मधल्या काळात पुरेल एवढा साठा होता, म्हणून दुकानात कुणाला काही कळलं नाही.